चाकांवरचे घर

माझ्या आजोबांची दमणी होती. वर बांबूच्या तट्ट्याचे छप्पर, आत तणसावर सतरंजी. कार्तिकी पौर्णिमेला रामटेकचा त्रिपुर पाहायला ती निघाली की कंदील, पितळी डबा अन् आजीचे दुखरे गुडघे, सारे तिच्यात मावे. ओझे मागे गेले की गाडी उलार व्हायची. मग आजोबा आम्हा पोरांना उचलून पुढे बसवीत.

फायबरग्लासचे फिरते घर मनात घोळू लागले आणि ही दमणी आठवली. १९६८ साली कॅनडात, विनिपेगला, 'बोलर' नावाचे असले घर निघाले. अंड्याची दोन अर्धुके जोडावीत तशी दोन कवचे जोडलेली. लांबी १३ फूट. हलके, न गंजणारे, मोटारीमागे ओढायचे. आणि गंमत पाहा, तेथेही नियम आजोबांचाच! सुमारे दशांश भार पुढच्या जोडावर हवा. मागे जड झाले की घर शेपटासारखे डोलू लागते.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण मला पर्यटन कुठे हवे आहे? आईला अर्ध्या तासापलीकडे बसवत नाही आणि रामटेक नागपूरहून सुमारे ५० किलोमीटर. चालत्या घरात माणूस बसवायचा नसतो हे खरे. पण वाटेत थांबावे, तिने आत जाऊन पाठ टेकावी, रात्री गडाखाली मुक्काम करावा. तिला एकदा त्रिपुर पाहायचा आहे. मास्तरच्या पगारात त्याची बेरीज अजून जमत नाही.

परवा तिला चित्र दाखवले. चष्मा लावून तिने निरखले.

"यात पाय पसरता येतात ना रे? मग चहाचं मी बघते."