वारशाने आलेली शेपटी

आखातातल्या मराठी घरात काय वाळत घातलेले सापडेल याचा नेम नाही. उपासाचा बटाट्याचा कीस असेल, भारतातून आलेल्या आजीने हौसेने घातलेल्या कुरडया असतील. आमच्या घरी मात्र गेली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा एक शेपटी वाळत असते. वाचकहो, दचकू नका! शेपटी मत्स्यकन्येची आहे आणि तिची सध्याची मालकीण म्हणजे आमची अकरा वर्षांची लेक.

आम्ही अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर राहतो. मुख्य शहराला पुलांनी जोडलेले हे बेट म्हणजे उंच इमारतींचे रान. प्रत्येक इमारतीत पोहण्याचा तलाव आणि प्रत्येक तलावात जगभरची पोरे. इथे बिऱ्हाडे येतात आणि जातात. नोकरीचा करार संपला की माणूस गाशा गुंडाळतो आणि जाताना सायकली, कुंड्या, इडलीपात्रे शेजाऱ्यांना देऊन जातो. ही शेपटी आमच्याकडे अशीच आली. आमच्या मजल्यावरचे एक लेबनीज कुटुंब कॅनडाला निघाले, तेव्हा त्यांच्या मुलीने ती आमच्या लेकीच्या हातात ठेवली आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. म्हणजे ही वस्तू नुसती खेळण्यातली नव्हती, ती ठेव होती. आणि ठेव म्हटली की मराठी माणसाला ती सांभाळावीच लागते.

ज्यांनी असली शेपटी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बाहेरून असतो खवल्यांची नक्षी छापलेला ताणता येणारा कापडी पायघोळ. हे पोहण्याच्या पोशाखाचेच कापड, नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि त्यात इलॅस्टेनचा धागा. आत असते मोनोफिन, म्हणजे दोन्ही पावले शेजारी शेजारी अडकवायचे एकच रुंद वल्हे. त्यावर निओप्रीनचे, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखासारख्या फुगीर रबराचे आवरण. सिनेमात किंवा मत्स्यालयाच्या खेळात दिसतात त्या सिलिकोनच्या शेपट्या निराळ्या, त्यांचे वजन पंधरा-वीस किलोपर्यंत जाते. आमची आपली गरिबाघरची, कापडी!

शेपटी डावी-उजवीकडे नाही, वर-खाली हलवायची असते. मासे तसे पोहत नाहीत. डॉल्फिन पोहतात, देवमासे पोहतात आणि ड्यूगाँग, म्हणजे समुद्रगाय पोहते. जुन्या खलाशांना समुद्रगाईच मत्स्यकन्या वाटल्या असाव्यात असे म्हणतात. शास्त्रज्ञांनीही त्या प्राण्यांच्या गणाला सायरेनिया हे नाव ग्रीक पुराणातल्या सायरेन्सवरून दिले. गंमत म्हणजे अबू धाबीच्या समुद्रात सुमारे ३,००० समुद्रगाई आहेत. ऑस्ट्रेलियाखालोखाल जगातला हा सगळ्यात मोठा कळप. म्हणजे मत्स्यकन्यांच्या बाबतीत आम्ही योग्य गावी आलो म्हणायचे.

आता निगा. तलावातल्या क्लोरिनने इलॅस्टेनचा धागा कुजतो, कापड सैल पडते आणि रंग उडतो. समुद्रात पोहल्यास मिठाचे बारीक खडे विणीत बसतात आणि घासून घासून धागा तोडतात. म्हणून पाण्याबाहेर आल्याबरोबर शेपटी साध्या थंड पाण्यात खळबळून काढायची. ऐकायला सोपे आहे. पण जुलै-ऑगस्टात इथल्या थंड नळालाही कढत पाणी येते, कारण टाक्या आणि नळ उन्हाने तापलेले असतात. आणि गरम पाणी हाही इलॅस्टेनचा शत्रूच. यावर आखातातल्या गृहिणींचा जुना तोडगा आहे. उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. मग त्यातले पाणी एसीच्या हवेत निवते आणि गरम पाण्याच्या नळाला थंड पाणी येते! नव्याने आलेल्या पाहुण्यांना हे उलटे गणित समजावता समजावता पुरेवाट होते.

धुताना मोनोफिन बाहेर काढायचे. साबण सौम्य. ब्लीच नको आणि कापड मऊ करणारे ते सुगंधी द्रवही नको. पिळायचे तर मुळीच नाही. जाड टॉवेलात गुंडाळी करून दाबायचे, की निम्मे पाणी टॉवेल पितो.

वाळवणे हे खरे प्रकरण. अबू धाबीत बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे. ती नसती तरी उन्हात ठेवून चालले नसते, उन्हाने कापडही विटते आणि निओप्रीनही कडक होऊन तडकते. शिवाय उन्हाळ्यातल्या संध्याकाळी बाहेरची हवा इतकी दमट, की वाळलेला रुमाल ओला व्हावा. तेव्हा घरातच, पंख्याखाली, स्टँडच्या दोन दांड्यांवर आडवी पसरून ठेवायची. कमरेला चिमटे लावून टांगली तर ओल्या वजनाने ताणली जाते. आधी उलटी करून, मग सुलटी. मोनोफिन भिंतीला टेकवून उभे करायचे, पायांचे खिसे खाली, म्हणजे आतले पाणी निथळते. दुमडून कपाटात कोंबले की त्याला कायमचा बाक येतो.

एवढे करूनही एकदा पावसाळी हवेत निओप्रीन आतून ओले राहिले आणि दिवाणखान्यात मासळीबाजार अवतरला. आईंनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "मत्स्यकन्या व्हायला निघाली होती, मत्स्यगंधा झाली!" पुराणातल्या मत्स्यगंधेला पराशर ऋषींनी योजनगंधा केले. आमच्याकडे ते काम बादलीभर पाण्यात वाटीभर पांढऱ्या व्हिनेगरने केले आणि त्यानंतर दोन दिवसांच्या पंख्याने.

आई हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे असतात. शेपटीची टोके तलावाच्या फरशीवर घासून विरतात आणि शिवणी उसवतात. आईंनी ती हातात घेऊन आधी कापड दोन्ही बाजूंनी ताणून पाहिले. जन्मभर गोधड्या शिवलेला हात तो! म्हणाल्या, "इथं धावदोरा चालायचा नाही. कापड ताणेल, दोरा ताणणार नाही, मग तटकन तुटेल." त्यांनी सुती दोरा बाजूला ठेवून पॉलिएस्टरचा घेतला आणि नागमोडी टाके घातले. टाके कापडाबरोबर उघडतात आणि मिटतात. विरलेल्या टोकांना आतून त्याच जातीच्या कापडाचे ठिगळ लावले.

निओप्रीनला पडलेली चीर मात्र सुईचे काम नाही. तिथे आपल्या गावच्या पंक्चरवाल्याची रीत. जागा कोरडी करायची, पॉलिशपेपरने हलकी घासायची, निओप्रीनचे सोल्युशन दोन्ही कडांना पातळ लावायचे, ते हाताला चिकटेनासे झाले की कडा जुळवून दाबायच्या. पुढचा पूर्ण दिवस पाणी दाखवायचे नाही. लेकीला हा एक दिवस एकादशीसारखा जड जातो.

गेल्या जानेवारीत मोनोफिनच्या डाव्या खिशाचा टाचेकडचा रबरी पट्टा अर्धा फाटला. लेक सोल्युशनची ट्यूब घेऊन हजर. आईंनी विचारले, "ही सुटते कशी?" आम्हाला प्रश्न कळला नाही. त्या वाईजवळच्या खेड्यात वाढलेल्या, विहिरीत पोहायला शिकलेल्या. म्हणाल्या, "आमच्या पाठीला डबा बांधायचे ना, तर गाठ एका ओढीत सुटणारी असायची. बांधणाऱ्यापेक्षा सोडणाऱ्याचा विचार आधी."

मग लेकीला गालिच्यावर बसवले आणि हात न लावता पाय काढायला सांगितले. उजवा लगेच निघाला. डावा पट्ट्याच्या फाटक्या कडेत अडकला. पुन्हा केले, पुन्हा अडकला. पाण्यात ती वेळ आली असती तर? दोन्ही पाय एकत्र बांधलेले मूल पाण्यात चालू शकत नाही, उभे राहणेही कठीण. तलावावरचा जीवरक्षक असली शेपटी पाहिली की मोठे माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात हवे असा आग्रह धरतो, तो उगाच नाही.

त्या दिवशी आमच्यापुरता एक नियम ठरला. दिसण्यासाठी आहे ते सगळे दुरुस्त करायचे, पण सुटण्यासाठी आहे त्याला डिंक लावायचा नाही. चिकटवलेला पट्टा एक तर ऐन वेळी तुटेल, नाही तर ताठ होऊन पाय धरून ठेवेल. शिवाय ही शेपटी पुढे कुणाच्या तरी मुलीकडे जाणार. आपल्या मुलीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येते, पण दुसऱ्याच्या मुलीजवळ त्या वेळी आपण नसू.

लेक दोन दिवस बोलली नाही. "ते तिनं दिलं होतं," एवढेच तिचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. जुने मोनोफिन आम्ही कात्रीने कापूनच टाकले, कारण आमच्याकडे कचऱ्याच्या खोलीत ठेवलेली धड दिसणारी वस्तू कुणी ना कुणी हौसेने उचलून नेतो. नवीन आणले ते पायाच्या मापाचे, आणि आणल्यावर आधी गालिच्यावर आणि मग उथळ पाण्यात सुटण्याची परीक्षा दहा वेळा घेतली. कापड मात्र तेच आहे, आईंच्या टाक्यांसकट. कॅनडाहून मैत्रिणीने व्हिडिओवर विचारले, "अजून हिरवी आहे का?" थोडी पोपटी झाली आहे, असे लेकीने प्रामाणिकपणे सांगितले.

कमरेच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला त्या मुलीने आपले नाव अरबीत लिहिले होते. त्याखाली आमच्या लेकीने आपले नाव देवनागरीत लिहिले. त्याखाली अजून चार बोटे जागा मोकळी आहे. आठव्या मजल्यावरची एक छोटी रोज तलावाच्या काठी बसून शेपटीकडे टक लावून बघते. तिचे पाय अजून खिशात सैल होतात. आम्हालाही तूर्त घाई नाही.