लाईन

मागच्या शनिवारी रात्री घरी फोन लावला. आवाज तुटत होता, म्हणून म्हटलं, "बाबा, लाईन खराब आहे वाटतं."

"नाही की, लाईन चांगली हाय. आत्ताच आली. मोटार चालू कराय जायलो, ठेव."

फोन बंद.

गाव आमचं जिंतूर तालुक्यातलं, जिल्हा परभणी. पुण्यात येऊन अकरा वर्षं झाली, पण 'लाईन' म्हटलं की अजूनही पहिल्यांदा वीजच आठवते. आमच्याकडे वीज जातच नाही, लाईन जाते. ती जोडायला खांबावर चढतो तो लाईनमन. रेशन दुकानापुढे लागते ती लाईन आणि मनमाडहून परभणीला येते ती रेल्वेचीही लाईनच. दहावी झाली की पाहुणे विचारणार, "पोराला कोणत्या लाईनला टाकलं?" नोकरी मिळाली की पोरगं लाईनला लागलं. 'लाईन मारणे'वरही बरंच लिहिता येईल, पण बायको वाचते, तेव्हा असो :-)

माझं काम बाबांना एकदा समजावून सांगितलं होतं. कोड लिहितो म्हणजे काय, तर लाईनीवर लाईनी लिहायच्या, एक चुकली की सगळं बंद. ते म्हणाले, "म्हंजे लाईनमनच की!"

गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ शेतातलंच निघालं. इंग्रजी 'लाईन' आली लॅटिन 'लिनिया'वरून, म्हणजे तागाचा नव्हे, जवसाच्या झाडापासून काढलेला धागा. जवसाला लॅटिनमध्ये 'लिनम'. तेच जवस, ज्याची चटणी आई दर खेपेला डब्यात भरून देते!

तर मुद्दा बाबांच्या लाईनचा. शेतीच्या थ्री-फेजला पाळी असते. आमच्या शिवारात एक आठवडा दिवसाची लाईन, एक आठवडा रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायचं ते ऐन थंडीत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. आमच्याकडे अजून रात्रीचा आठवडा येतो. गेल्या जानेवारीत स्टार्टरच्या पेटीखाली घोणस बसलेली होती. हे बाबांनी मला चार दिवसांनी सांगितलं, तेही आईनं विषय काढला म्हणून.

रात्री मीही जागतो. सर्व्हर पडला की दोन वाजता फोन येतो, मी रजईतून हात बाहेर काढून लॅपटॉप उघडतो. त्याचा वेगळा भत्ता मिळतो. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना साधा स्मार्टफोन घेऊन दिला. शेतातून आले की हातपाय धुऊन ते भजनाचे व्हिडिओ बघत बसतात. त्यामुळे रात्रीच्या लाईनचा आठवडा असला की मी पहाटे व्हॉट्सॲप उघडतो. नावाखाली 'ऑनलाईन' दिसलं की समजायचं, घरी आले. काही लिहीत नाही. फोन उलटा ठेवतो आणि झोपतो.