काळजाची कोंडी

आपली बोली काळीज हा एकच शब्द यकृताला आणि हृदयाला लावते. धीर, माया, धसका हीं सारीं तिनें त्याच एका जागीं ठेविलीं आहेत. शरीरशास्त्राला हें रुचणार नाहीं. पण माझ्या भाचीच्या दुखण्यापासून मला या गोंधळांतहि कांहीं शहाणपण आहे असें वाटूं लागलें आहे.

ती २२ वर्षांची. महिन्याभरांत तिचें पोट वाढूं लागलें, उजव्या कुशींत दुखूं लागलें. अशा पोटाचीं दोन निदानें आपल्या समाजापाशीं तयार असतात: पुरुषाचें असलें तर दारू आणि अविवाहित मुलीचें असलें तर कलंक. आप्तांची विचारपूस थांबली आणि कुजबूज सुरू झाली. त्या दिवसांत माझी बहीण दार लोटूनच बसे.

शेवटीं सोनोग्राफीनें खरी गोष्ट सांगितली. यकृताकडे रक्त दोन वाटांनीं येतें. एका वाटेनें आंतड्यांतील अन्नरस येतो, दुसरीनें फुप्फुसांतला प्राणवायु. बाहेर पडावयास मात्र मुख्यतः तीन शिरा, आणि त्या अधोमहाशिरेस मिळतात. भाचीच्या या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. येणारें रक्त येतच होतें, जाणारें अडलें होतें. यकृत फुगलें आणि पाझरलेलें पाणी पोटांत सांचलें.

या विकाराला बड-कियारी म्हणतात. लंडनच्या जॉर्ज बड यांनीं १८४५ सालीं यकृतरोगांवरील आपल्या ग्रंथांत त्याची नोंद केली; प्रागचे विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनीं १८९९ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. रोग दुर्मिळ खरा. त्याचें मूळ बहुधा रक्ताच्या गोठण्याच्या प्रवृत्तींत असतें; ती कोणाला जन्मतः असते, कोणाला अस्थिमज्जेच्या विकारानें जडते. दारू हें त्याचें कारण नव्हे, आणि शीलाचा तर तेथें प्रश्नच नाहीं.

डॉक्टरांनीं रक्त गोठूं न देणारें औषध दिलें. फुग्यानें शीर रुंद करून तींत जाळीदार नळी बसविली. पोट ओसरलें. औषध मात्र जन्मभर घ्यावयाचें आहे.

आतां तेच आप्त फळें घेऊन येतात. ती चहा करते, दोन शब्द नीट बोलते आणि कप ठेवून आंत निघून जाते. "दादा, तिला तूं तरी सांग," असें बहीण म्हणते. मी सांगत नाहीं. शिरेंतली गुठळी विरावयासहि पुष्कळ काळ लागतो.