ओढ्याचे आकडे

‘ओढ्यांतील सेन्सर डेटाचे विश्लेषण, आर किंवा पायथन आवश्यक.’ जाहिरातीत एवढंच होतं. मी अर्ज केला आणि रिसर्च असिस्टंटशिप मिळाली. आठवड्याला २० तास काम, बदल्यात फी माफ आणि भाडं-किराणा भागेल इतकं मानधन. सगळं लॅपटॉपवरच होणार अशा समजुतीत मी आयोवात उतरलो.

आयोवा म्हणजे नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. निचऱ्यासाठी शेतांखाली सच्छिद्र पाइप पुरलेले असतात, आणि त्यांतून नायट्रेट सरळ ओढ्यात येतं. ओढ्यातला सेन्सर दर १५ मिनिटांनी नोंद करतो. म्हणजे दिवसाला ९६ नोंदी, वर्षाला ३५,०००च्या वर, त्याही एकाच घटकाच्या. सप्टेंबरचा आलेख काढला, तर विरघळलेला ऑक्सिजन रोज रात्री आठच्या सुमारास सर्वाधिक! शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, हे शाळेत शिकलेलो. मग काळोखात हे काय चाललंय? लॅबमधल्या नागपूरच्या ताईने स्क्रीनकडे एकदा बघितलं. “अरे, वेळ यूटीसीत आहे.” यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; इथलं घड्याळ तेव्हा तिच्या पाच तास मागे. म्हणजे दुपारचे तीन. ओढ्याचं काही चुकलेलं नव्हतं.

पावसाने तर डोकंच फिरवलं. पाणी चढलं की नायट्रेट आधी उतरायचं, कारण जमिनीवरून धावत आलेलं पाणी ते पातळ करतं. मग पूर ओसरताना, मातीतून झिरपलेलं पाणी पाइपांतून पोचलं, की नायट्रेट चढायचं आणि दिवसेंदिवस चढलेलंच राहायचं.

एकदा पाऊस नसताना गढूळपणाचा आकडा आठवडाभर हळूहळू वाढत गेला. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून आम्ही ओढ्यात उतरलो. सेन्सर वर काढला, तर काचेवर हिरवट बुळबुळीत थर. पुसायला हात पुढे केला तशी ताई ओरडली, “थांब, आधी रीडिंग!” पुसण्याआधी एक, पुसल्यावर एक. मधल्या काळात ओढा स्वतः किती बदलला, ते शेजारी धरलेल्या दुसऱ्या सेन्सरवरून कळतं. ते वजा करून उरलेला फरक मागच्या दिवसांवर थोडाथोडा वाटायचा. ‘विश्लेषण’ म्हणतात त्यातला मोठा भाग हाच, पाणी कुठे बोलतंय आणि यंत्र कुठे, हे ठरवण्याचा. जाहिरातीत याचं अवाक्षर नसतं, हे मला पटत नाही.

आणि हे आकडे नुसते प्रबंधापुरते नाहीत. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. जून २०२५मध्ये नद्यांतलं नायट्रेट इतकं वाढलं, की शुद्धीकरणावरचा ताण कमी करायला आयोवातल्या डे मॉइन परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली.

अशा कामासाठी अर्ज करायचा असेल, तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा म्हणजे यूएसजीएसचा डेटा फुकट मिळतो, तो घरबसल्या उतरवून घ्या. एकच ठिकाण, एकच वर्ष. आलेख काढा, जे कळलं नाही त्याचे दोन प्रश्न लिहा आणि प्राध्यापकांना ईमेलसोबत पाठवा. मुलाखतीत मात्र एक जरूर विचारा: सेन्सर पुसायला कोण जातं?