गाडीचं नाक कुठे ठेवायचं

एप्रिलातल्या एका दुपारी कॉलेजात शिकणारा एक मुलगा त्याच्या वडिलांची जुनी मारुती ८०० घेऊन माझ्या गॅरेजात आला. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गल्लीत गाडी वळली तेव्हाच तिचा आवाज वेगळा लागला. घशातून श्वास ओढल्यासारखा, जरा उघडाबोडका.

"मामा, हिला कोन फिल्टर बसवलाय. आवाज झकास झालाय, पण घाटात दम धरत नाही. काल वैभववाडीहून करूळ घाट चढताना दुसऱ्या गिअरवरसुद्धा कण्हत होती."

मी बॉनेट उघडलं. मूळ फिल्टरचा काळा डबा गायब होता. त्याच्या जागी लालभडक, चकचकीत कोन फिल्टर थेट नळीवर आवळलेला, चारी बाजूंनी मोकळा. त्याच्याशेजारी तळहात धरला आणि चटकन मागे घेतला. चुलीवरचा तवा तापलाय का ते बघायला वर हात धरतो ना, तशी झळ लागली. रेडिएटरमधून तापून येणारा वारा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची धग, दोन्ही तिथे साठत होतं आणि इंजिन तीच हवा पीत होतं.

गाडी हवेवर चालते, हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. पेट्रोलचे पैसे मोजावे लागतात म्हणून पेट्रोल लक्षात राहतं. पण एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. चार स्ट्रोकचं असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. घाटात पाय दाबून मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरवलं, तर मिनिटाला हजार-बाराशे लिटर हवा आत जाते. घरावर हजार लिटरची काळी टाकी असते, तेवढी हवा हे एवढंसं इंजिन मिनिटभरात पिऊन टाकतं.

आणि हवेचं माप लिटरमध्ये धरून भागत नाही, वजनात धरावं लागतं. हवा तापली की फुगते, विरळ होते. सिलिंडरची जागा तेवढीच राहते, पण त्या जागेत मावणारी हवा कमी भरते. हवा कमी म्हणून पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणून जोर कमी. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली, तर तिचा दाटपणा साधारण ९ टक्क्यांनी घटतो. ज्या गाडीत सगळे मिळून ३७-३८ घोडेच आहेत, तिथे एखाद-दीड घोडा कमी झाला तरी चढावर जाणवतो.

मी त्या मुलाला म्हटलं, "आपण आधी मोजू. मग बघू काय करायचं ते."

मोजायची माझी हत्यारं साधी आहेत. फ्रीजचं तापमान बघायला लांब वायरीचा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो एक. दुसरं म्हणजे सलाईनची पारदर्शक नळी. ती लाकडी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बसवायची आणि तिच्यात कुंकू कालवलेलं पाणी भरायचं. एक टोक उघडं ठेवायचं, दुसरं फिल्टरच्या पुढच्या नळीला जोडायचं. इंजिन हवा ओढतं तेव्हा एका बाजूचं पाणी चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन्ही पातळ्यांत जितकं अंतर, तितकं इंजिनाला श्वासासाठी झगडावं लागतंय. वायर फिल्टरजवळ बांधून आम्ही गाडी बाहेर काढली. बाहेर ३६ अंश होते. सिग्नलला उभं असताना फिल्टरजवळ ६८. चढाला लागल्यावर ५८. नळीतल्या पाण्यात मात्र जेमतेम फरक. म्हणजे नव्या फिल्टरमधून हवा सहज जात होती, पण जात होती ती गरम.

"फिल्टर वाईट नाही रे, त्याची जागा वाईट आहे," मी म्हटलं. तो मूळ डबा त्याच्या घरी माळ्यावर होता. दुसऱ्या दिवशी घेऊन आला.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या वस्तादांचं एक वाक्य होतं. ते म्हणायचे, "लेका, कारखान्यातल्या माणसानं हे असं का केलंय, ते आधी सांग. मग पाना उचल." लहानपणी मला तो अडवणुकीचा प्रकार वाटायचा. आता पोरं शिकायला येतात तेव्हा मीही तेच विचारतो. हवेच्या वाटेवर कारखान्याने ठेवलेली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी असते. नळीला मध्येच जोडलेला रिकामा डबा बघून अनेकांना तो फुकटचा अडथळा वाटतो. बाटलीच्या तोंडावर फुंकलं की ती घुमते ना, त्याच तत्त्वावर तो डबा हवेची घरघर गिळतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचं नाव त्या तत्त्वाला आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या कित्येक गाड्यांत तर मुद्दाम एक्झॉस्टजवळची कोमट हवा घ्यायची सोय असे. थंड मुलखात कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरू नये आणि पेट्रोलची नीट वाफ व्हावी, म्हणून. गाडी बनवणाऱ्याला कडाक्याची थंडी, धूळ, पाऊस, आवाज आणि किंमत ही सगळी ओझी एकाच वेळी उचलायची असतात. मला फक्त कोल्हापूरच्या उन्हाळ्याचा आणि घाटाचा विचार करायचा आहे, म्हणून मला थोडी मोकळीक आहे, एवढंच.

त्या मोकळिकीलाही मी एक हद्द घालून घेतली आहे. फिल्टरच्या अलीकडची वाट माझी, पलीकडची कारखान्याची. फिल्टरच्या आधीच्या नळीला एखादी फट राहिली, तर फार तर थोडी गरम हवा शिरेल. फिल्टरच्या पुढे सुईएवढी फट राहिली, तर तिथून धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. आमच्याकडे ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर जी माती उडते, तिच्यातला बारीक कण म्हणजे काचपेपरच. तो पिस्टनबरोबर वरखाली फिरत सिलिंडरची भिंत खातो. टॅपेट कव्हरपासून येणारी ब्रीदरची नळीसुद्धा मी जिथल्या तिथे ठेवतो. कोन फिल्टर बसवताना ती बहुधा लोंबकळत सोडलेली असते. या गाडीतही तसंच होतं, आणि तेलाच्या वाफेनं खालचा सगळा भाग चिकट झाला होता.

मूळ डबा परत बसवून त्याला बाहेरची थंड हवा आणणारी नळी करायचं ठरलं. सामान आणायला आम्ही दोघं पायीच गेलो. प्लंबिंगच्या दुकानातून ६३ मिलिमीटरची पीव्हीसी नळी. ट्रकच्या रेडिएटरचा वीतभर रबरी होस. चार जुबिली क्लिपा. भंगारातून ॲल्युमिनियमचा पत्रा. दाराच्या रबरी बीडिंगचा तुकडा. एक प्लॅस्टिकचं नरसाळं. सगळं मिळून आठशे रुपयांच्या आत.

यातलं खरं कसबाचं काम म्हणजे नळीला बाक देणं. बाजारात काटकोनी एल्बो मिळतो, पण काटकोनात हवा भिंतीवर आपटते आणि गोंधळते. लांब, सावकाश बाक हवा. पीव्हीसी नुसती तापवून वाकवली की आतल्या अंगाला चेपते. म्हणून नळीत कोरडी, चाळलेली वाळू ठासून भरायची. वाळू ओली असेल तर वाफ धरते. दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे मारायचे. मग हीट गननं बाकाच्या जागी सगळीकडून सारखी ऊब द्यायची, गन एका जागी थांबू न देता. ८० अंशांच्या आसपास पीव्हीसी नरम पडायला लागते. त्याच्याही पुढे गेलं की नळी हाताला भाकरीच्या पिठासारखी लागते. तोच क्षण. त्याआधी जोर लावला तर ती मोडते. फार उशीर केला तर तपकिरी होते आणि घशाला झोंबणारा धूर सोडते, म्हणून हे काम नेहमी उघड्यावर करतो. पहिली नळी त्या मुलानं घाईत वाकवली, तिला सुरकुती पडली. दुसऱ्या वेळी मी त्याचे हात नळीवर ठेवले आणि वर माझे ठेवले. नळी ढिली झाल्याचं त्याला माझ्याआधी कळलं. त्यानं तिला डब्याच्या कडेला टेकवून अलगद वळवलं, ओल्या फडक्यानं गार केलं आणि वाळू सांडली. आतून हात फिरवला तर कुठेही खाच नव्हती.

जी वस्तू ८० अंशांना नरम पडते, ती मॅनिफोल्डच्या अंगाला जाता कामा नये. म्हणून नळी लांबून फिरवली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा रिव्हेट करून बसवला. त्याच्या वरच्या कडेला बीडिंग लावली, म्हणजे बॉनेट बंद झालं की आडोसा वरपर्यंत मिटतो. नळीच्या तोंडाला नरसाळं कापून लावलं. तोंडाची कड धारदार असली की हवा तिथेच भोवरा घेते, गोल पसरट असली की घरंगळत आत येते. विहिरीचं पाणी पाटात उतरतं तिथे शेतकरी दगड गोल करून घेतो, तसंच हे.

एक प्रश्न उरला. तोंड ठेवायचं कुठे?

मुलाचं म्हणणं होतं, खाली बंपरच्या जाळीपाशी. "मामा, तिथे सगळ्यात थंड हवा लागेल." खरं होतं ते. अशी एक नळी मीही केली होती. २००५ च्या उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या गाडीला नळी बनवली तेव्हा तोंड खाली बंपरमध्ये, जमिनीपासून ११ इंचांवर ठेवलं होतं. उन्हाळाभर गाडी छान पळाली. मग पाऊस आला. पावसाळ्यात आम्हा कोल्हापूरकरांचा जीव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याच्या फुटांत अडकलेला असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या वर्षी पंचगंगा पात्र सोडून शहरात आली. एका संध्याकाळी घरी परतताना रस्त्यावर साचलेल्या पाण्यात गाडी घातली. पाणी निम्म्या चाकापर्यंतही नव्हतं. पण गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या नाकासमोर पाण्याची लाट उभी राहते, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. एक खाडकन आवाज झाला आणि इंजिन जागीच थांबलं.

हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर आला, त्याला पाण्याची भिंत लागली, आणि तो जोर कनेक्टिंग रॉडनं सोसला. अशा वेळी पुन्हा चावी फिरवायची नसते. आधी स्पार्क प्लग काढायचे, आतलं पाणी बाहेर येऊ द्यायचं. मला ते ठाऊक होतं आणि मी चावी फिरवली नाही. पण जे व्हायचं ते पहिल्या दणक्यातच होऊन गेलं होतं. इंजिन उतरवलं, तर एक रॉड वाकलेला. ती नळी मी माझ्या हातानं केली होती आणि तिचा मला अभिमान होता. वाकलेला रॉड हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. वस्तादांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. कारखान्यानं गाडीचं नाक उंच का ठेवलंय? याचसाठी. थंड हवा खाली मिळते, आणि पाणीही खालीच असतं.

मुलाला मी हे सांगितलं, पण नुसत्या सांगण्यावर सोडलं नाही. आम्ही दोन्ही जागा मोजल्या. डाव्या हेडलाइटच्या मागच्या पोकळीत, जमिनीपासून २७ इंचांवर, चढाला ४० अंश. खाली बंपरमध्ये ३८. दोनच अंशांचा फरक. "दोन अंशांसाठी एवढी जोखीम घ्यायची का?" मी विचारलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यापुरती खाली ठेवू, मृगाच्या आधी काढू." मी म्हटलं, "वळीव काय सांगून येतो?" त्यावर तो काही बोलला नाही. नळी हेडलाइटच्या मागेच बसवली.

५८ अंशांची हवा ४० वर आली, म्हणजे प्रत्येक श्वासात साधारण पावणेसहा टक्के जास्त हवा. ॲव्हरेज वाढेल का, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं. सपाट रस्त्यावर आपण थोडाच पाय दाबतो, तिथे दाट हवेचा उपयोग नाही. पाय पूर्ण दाबलेला असताना, चढावर आणि ओव्हरटेक करताना जो काय फायदा, तो तेवढाच. पुढच्या रविवारी तो करूळ घाट चढून आला आणि गॅरेजात शिरताना त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

पावसाळा संपला. खंडेनवमीला मी पाने, पुलर, टॉर्क रेंच सगळं पुसून पाटावर मांडतो. तो वाकलेला रॉडही दरवर्षी त्यात असतो. या वर्षी पूजेला तो मुलगा आला होता. त्यानं रॉड उचलून काचेवर आडवा ठेवला. एक बाजू टेकली, दुसरी हलत राहिली.

"मामा, याला किती पाणी लागलं असेल?"

हिशेब मला तोंडपाठ आहे. एका सिलिंडरमध्ये २६५ सीसी हवा येते. पिस्टन ती साधारण नऊपट दाबतो. वर उरते ती जागा ३३ सीसीच्या आसपास. तेवढी पाण्यानं भरली की खेळ खलास. पण आकडे सांगण्याऐवजी मी त्याला ओंजळ करायला सांगितली आणि पूजेच्या तांब्यातलं पाणी पळीनं तिच्यात घातलं. एक, दोन, तीन. सातव्या पळीला थांबलो. ओंजळीचा तळही पुरता भरला नव्हता.

"एवढंच," मी म्हटलं.

कितीतरी वेळ तो ते पाणी सांडू न देता तसाच धरून उभा होता.