लंच

आमच्या आबांना लंच हा शब्द पहिल्यांदा भेटला तो बंद खिडकीवर.

वाशीम जिल्हा झाला 1998 च्या 1 जुलैला. त्याआधी मोठ्या कामाला अकोला, बारीकसारीक कामाला तालुक्याची कचेरी. सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला आबा गेले, सोबत मी. सातवीत होतो, म्हणजे घरातला इंग्रजीचा अधिकारी. आमचा नंबर लागला आणि खिडकीची फळी खाली आली. शिपाई म्हणाला, "साहेब लंचला गेले."

आबा लिंबाखाली येऊन बसले. फडक्याची गाठ दातानं सोडवली. ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा, गुळाचा खडा. कांदा दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सायेब लंच खायाले गेला म्हणते. सांगून खाऊन रायला बापा!"

मी लोटपोट हसलो. लंच म्हणजे जेवण, असं समजावलं. "मंग जेवाले गेला म्हणाव ना," आबा म्हणाले. पुढे कित्येक लग्नांच्या पंगतीत हा किस्सा मी मीठमिरची लावून वाढला.

नोकरी लागल्यावर प्रशिक्षणाला हैदराबादला गेलो. तिथल्या सोबत्याला सहज म्हटलं, चल, लंच घेऊ. तो डोळे मिचकावत म्हणाला, हळू बोल, आमच्या तेलुगूत 'लंचम' म्हणजे लाच. कन्नडात तर नुसतं 'लंच'. घरी येऊन मोल्सवर्थचा कोश काढला. तिथे 'लांच', मूळ संस्कृत 'लंचा'. 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यात लाचेच्या डोक्यावरचं टिंबही पुसलं गेलं. आबा शिकले तेव्हा ते जागेवर होतं. हे सांगायला तोवर आबा राहिले नव्हते.

इंग्रजीत तरी काय? लंच म्हणजे आधी नुसता जाडसर तुकडा, पावाचा नाहीतर चीजचा. म्हणजे त्या दिवशीचा खरा लंच लिंबाखालीच झाला. आत काय झालं, देव जाणे.

आता खिडकीच्या आतल्या बाजूला मी असतो. 'लंच टाइम'ची पाटी काढून 'जेवणाची सुट्टी' अशी रंगवून घेतली आहे, आणि फळी पुरती खाली ओढत नाही. परवा त्या फटीतून एका म्हाताऱ्यानं वाकून माझ्या डब्यात नीट पाहिलं.

"जेवूनच रायला," मागच्याला त्यानं सांगितलं.