टर्बो मोठा, कनेक्टिंग तीच

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी देखभालीचं काम पाहतो. रिअ‍ॅक्टरचा दाब वाढवायचा असेल तर फ्लँज, गॅस्केट, बोल्ट सगळ्यांची क्षमता तपासल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही. वरसे गावातल्या माझ्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीला मात्र मी हा नियम लावला नाही.

गाडी सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १७८१ सीसीचं, वीस व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन-मीटर टॉर्क. आतले कनेक्टिंग रॉड तेवढ्या ताकदीला पुरेसे होते. मी मोठा टर्बो आणला, इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचं, म्हणजे ईसीयूचं, रिमॅपिंग करून घेतलं. ओळखीच्या जुन्या मिस्त्रींनी एकच विचारलं, "टर्बो बदलताय, पण आत कनेक्टिंग तीच ना?" रॉड बदलायचे तर इंजिन उघडावं लागणार, खर्च दुप्पट होणार. पुढच्या वर्षी बघू, असं मी म्हणालो.

पहिली चूक ही. दुसरी चूक समजुतीची होती. रॉड तुटतो तो फार आरपीएममुळे, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून मी सुई वर जाऊ देत नसे. आरपीएम वाढला की रॉडवरचा ताण वाढतो, हे खरंच. पण टर्बो वाढवल्यावर आधी धोका असतो तो कमी आरपीएमवरच्या टॉर्कचा. या इंजिनाच्या पिस्टनचा व्यास ८१ मिलिमीटर. सिलिंडरमध्ये १०० बार दाब झाला तर पिस्टनवर सव्वापाच टनांच्या आसपास जोर येतो आणि तो सगळा त्या बारीक रॉडला दाबतो. दाब क्षमतेपलीकडे गेला की रॉड वाकतो.

नागोठण्याकडे जाताना भिसे खिंडीत मी नेमकं तेच करत होतो. चौथ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या आसपास, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. गाडी ओढायची तेव्हा फार आनंद व्हायचा.

मग आयडलला थरथर सुरू झाली. मी प्लग बदलले, इग्निशन कॉइल बदलली आणि गाडी चालवत राहिलो. ही तिसरी चूक, आणि सर्वांत गंभीर. कारण त्या दिवसांत बायको आणि मुलं माझ्यासोबत पेणला येत-जात होती. शेवटी कॉम्प्रेशन तपासलं, तर एका सिलिंडरचा आकडा कमी. आत थोडं ऑइल सोडून पुन्हा तपासलं, तरी आकडा फारसा चढला नाही. म्हणजे दोष रिंगांचा नव्हता. हेड उतरवल्यावर त्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला इतरांपेक्षा खालीच थांबत असल्याचं दिसलं. रॉड वाकून आखूड झाला होता. तो तुटला असता तर ब्लॉक फोडून बाहेर आला असता, आणि गरम ऑइल रस्त्यावर, एक्झॉस्टवर सांडलं असतं. खिंडीत, मागून ट्रक येत असताना.

आणखी एक गोष्ट मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली होती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई आहे. अपघात झाला असता तर विम्याच्या दाव्यातही वाद उभा राहिला असता.

रॉड, पिस्टन, बेअरिंग बदलून मी मूळ टर्बो आणि मूळ ईसीयू प्रोग्रॅम परत बसवला. रोह्यातली तरुण मुलं आता गाड्यांचं विचारायला येतात. त्यांना सांगतो, बंद ट्रॅकवरची गाडी बनवायची असेल तर पैसे आधी इंजिनच्या आत घाला: जाड छेदाचे पोलादी रॉड, चांगले बोल्ट, नवी बेअरिंग. मग टर्बो. आणि ट्यूनरला कमी आरपीएमवरचा टॉर्क रोखून धरायला सांगा. एवढा खर्च झेपत नसेल तर गाडी आहे तशी चालवा. इंजिन किती ताकद देऊ शकतं हे टर्बोच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं; आतला सर्वांत अशक्त भाग किती सोसतो, त्यावर ते ठरतं. तो भाग कोणता, हे आधी शोधा.